पायलोनिडल सायनसची शस्त्रक्रिया झाल्यावर पुन्हा स्राव: दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय कसा घ्यावा?

अभय_लातूर:

नमस्कार. माझा धाकटा भाऊ तेवीस वर्षांचा आहे आणि पुण्यात राहून स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. दिवसभर अभ्यासिकेतील खुर्चीवर बसणे आणि रात्री खोलीवर आल्यावर पुन्हा गादीवर मांडी घालून वाचणे, असा त्याचा दिनक्रम आहे. गेल्या वर्षी माकडहाडाच्या थोडे वर, दोन्ही नितंबांमधील खाचेत त्याला गळू झाले. केसतूड असेल असे समजून त्याने ते अंगावर काढले आणि ताप भरल्यावरच घरी सांगितले. आमच्याकडील एका खासगी रुग्णालयात आधी पू काढण्यात आला आणि काही आठवड्यांनी पायलोनिडल सायनसचा (त्वचेखाली केस शिरून तयार होणाऱ्या नलिकेचा) सगळा भाग कापून, जखम बरोबर मध्यभागी, उभ्या रेषेत टाके घालून बंद करण्यात आली.

टाके काढल्यानंतर थोड्याच दिवसांत जखमेचा खालचा भाग उसवला. बराच काळ ड्रेसिंग केल्यावर वरून कातडी धरली, परंतु गुदद्वाराच्या दोन-तीन बोटे वर एक लालसर, ओलसर जागा तशीच राहिली. ती कधी कोरडी वाटायची, तर कधी अंतर्वस्त्रावर पिवळसर डाग पडायचा. आता तेथे दोन बारीक छिद्रे स्पष्ट दिसतात आणि मागच्या आठवड्यात त्यांपैकी एकातून केसांचा पुंजका बाहेर आला.

आम्ही तीन ठिकाणी दाखवले आणि तीन सल्ले मिळाले. एका सर्जनने फ्लॅपची, म्हणजे शेजारची त्वचा फिरवून जखम झाकण्याची, शस्त्रक्रिया सुचवली. दुसऱ्या ठिकाणी लेझरने एका दिवसात घरी जाता येईल आणि आजार कायमचा जाईल, असे सांगण्यात आले. गावाकडील वैद्यांनी क्षारसूत्राचा, म्हणजे नलिकेत औषधी धागा ओवण्याचा, पर्याय दिला. आजार एकदा उलटल्यानंतर कोणत्या मार्गाने जावे, फ्लॅपमध्ये कोणत्या गुंतागुंती होतात, आणि नंतर काय पाळले तर पुन्हा ही वेळ येणार नाही, हे जाणकारांनी सांगावे. तो सध्या दर आठवड्याला आरशात पाहून त्या भागावर रेझर फिरवतो, ते योग्य आहे का, हेही कळावे.

शल्यचिकित्सक_सातारा:

अभय, तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणूनच वाचावा. मी जनरल सर्जन आहे आणि दुसऱ्यांदा किंवा तिसऱ्यांदा शस्त्रक्रियेसाठी येणारे असे तरुण माझ्याकडे नियमित येतात.

तुम्ही ज्याला आजार उलटणे म्हणत आहात, ती वर्णनावरून बहुधा कधीच पूर्ण न भरलेली जखम आहे. जखम पूर्ण भरली, काही महिने कोरडी राहिली आणि मग नव्याने छिद्र पडले, तर त्याला पुनरुद्भव म्हणतात. तुमच्या भावाच्या बाबतीत खालचे टोक कोरडे झालेच नाही, आणि पुढे त्याच उघड्या जागेतून केस आत शिरू लागले असावेत. हा भेद केवळ शब्दांचा नाही, कारण न भरलेल्या जखमेवर उपचार करताना ती का भरली नाही याचा शोध आधी घ्यावा लागतो. ते न करता तीच जखम पुन्हा खरवडून पुन्हा मध्यभागी शिवली, तर निकालही बहुतेक वेळा तोच लागतो.

ती का भरत नाही, याचे उत्तर खाचेतच आहे. दोन्ही नितंब एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे तेथे हवा पोहोचत नाही, घाम साठतो, त्वचा भिजून पांढुरकी आणि नाजूक होते, आणि प्रत्येक वेळी उठता-बसताना टाक्यांच्या रेषेवर दोन्ही बाजूंनी ताण येतो. कारिडाकिस नावाच्या ग्रीक लष्करी शल्यचिकित्सकांनी या आजाराची तीन कारणे मांडली होती: सुटे केस, त्यांना आत ढकलणारा जोर, आणि ते आत घेणारी कमकुवत त्वचा. मध्यभागी शिवलेला व्रण ही तिसरी गोष्ट नव्याने तयार करून ठेवतो. त्यांनी कापण्याचा भाग एका बाजूला सरकवला, टाक्यांची रेषा मध्यरेषेपासून दूर नेली आणि खाच उथळ केली. १९९२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ७,४७१ रुग्णांच्या मालिकेत पुनरुद्भव एक टक्क्याहून कमी होता, तर संसर्ग किंवा द्रव साचणे यांसारख्या गुंतागुंती ८.५ टक्के रुग्णांमध्ये दिसल्या. इतका चांगला आकडा प्रत्येकाच्या हाती येत नाही, हे मान्य करूनही त्यामागील तत्त्व टिकले आहे. मध्यरेषेबाहेर टाके घालण्याच्या सगळ्या पद्धती, मग ती कारिडाकिस असो, बॅस्कम यांची क्लेफ्ट लिफ्ट असो किंवा लिम्बर्ग फ्लॅप असो, याच तत्त्वावर उभ्या आहेत. जखम शिवूनच बंद करायची असेल, तर मध्यरेषेबाहेर शिवणे हीच प्रमाण पद्धत मानावी, असा निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१० च्या आढाव्यातही काढलेला आहे.

येथे आकड्यांविषयी एक सूचना. 'पुन्हा होण्याचे प्रमाण दोन टक्के' असे कोणी सांगितले, तर ते किती वर्षांच्या पाठपुराव्यावरून सांगितले, हे विचारून घ्यावे. २०१८ मध्ये ७४० अभ्यासांमधील सुमारे ९० हजार रुग्णांची माहिती एकत्र करून एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात मध्यभागी शिवलेल्या रुग्णांमधील पुनरुद्भव वर्षागणिक वाढत जाऊन वीस वर्षांच्या टप्प्यावर ६७.९ टक्क्यांपर्यंत पोहोचलेला दिसतो. पहिल्या वर्षी हेच रुग्ण 'बरे झालेले' म्हणून मोजले गेले असतील. त्यामुळे ज्या उपचाराचा पाठपुरावाच वर्ष-दीड वर्षाचा आहे, त्याच्या यशाची तुलना दहा वर्षे पाहिलेल्या उपचाराशी करणे योग्य नाही.

आता फ्लॅपविषयी. लिम्बर्ग पद्धतीत आजारी भाग समभुज चौकोनाच्या आकारात काढतात आणि शेजारच्या नितंबावरील त्वचा, चरबी व तिच्याखालील आवरण यांचा तसाच तुकडा फिरवून ती जागा भरतात. होऊ शकणाऱ्या गुंतागुंती अशा: त्वचेखाली रक्त किंवा पाणी साचणे, संसर्ग होणे, टाक्यांचा एखादा भाग उसवणे, फ्लॅपच्या कोपऱ्याला रक्तपुरवठा कमी पडून तो काळा पडणे, त्या भागात बधिरपणा येणे आणि कायमचा ठळक व्रण राहणे. संपूर्ण फ्लॅप निकामी होणे क्वचितच घडते. सगळ्यात कटकटीचा असतो तो खालचा कोपरा. मूळ पद्धतीत हा कोपरा मध्यरेषेवरच येतो, गुदद्वाराजवळ ओला राहतो आणि तेथूनच पुन्हा सुरुवात होते. म्हणून सुधारित लिम्बर्गमध्ये तो मुद्दाम एक-दोन सेंटीमीटर बाजूला घेतात. तुमच्या भावाचा त्रास नेमका त्याच टोकाला आहे, त्यामुळे "खालचे टोक मध्यरेषेबाहेर कसे नेणार?" हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा. या प्रश्नाचे उत्तर कागदावर रेघा मारून समजावून देणारा सर्जन मिळाला, तर पद्धतीच्या नावावर फार अडून बसू नका.

लेझर वाईट नाही. नलिकेत बारीक तंतू घालून आतून ती जाळतात. जखम लहान राहते, माणूस लवकर कामाला लागतो, आणि पहिल्यांदाच झालेल्या, एक-दोन छिद्रांच्या, साध्या आजारात मी स्वतः असे कमी काटछाटीचे उपाय आधी सुचवतो. छिद्रांपुरतेच कातडे काढण्याची पिट पिकिंग पद्धत किंवा दुर्बिणीने नलिका साफ करण्याची पद्धतही याच गटातली आहे. यांत आजार पुन्हा होण्याची शक्यता फ्लॅपपेक्षा जास्त धरावी लागते, पण झालाच तर फारसे नुकसान झालेले नसते. अडचण अशी की लेझरने खाच उथळ होत नाही आणि मध्यरेषेवरील जुना, न भरलेला व्रण तेथेच राहतो. "आजार कायमचा जाईल" असे वाक्य कोणत्याही पद्धतीबद्दल ऐकले, की मी सावध होतो. महामार्गावरील फलकांवर मूळव्याध, भगंदर आणि पायलोनिडल हे तिन्ही आजार एकाच यंत्राने बरे करून देण्याचे आश्वासन असते. तिन्हींची कारणे वेगळी असताना ते कसे जमते, हे मला अजून उमगलेले नाही.

शस्त्रक्रियेपूर्वी आणखी एक गोष्ट. छिद्र गुदद्वाराच्या इतके जवळ असेल, तर तो भगंदर नाही याची खात्री करून घ्यावी लागते, आणि शंका असल्यास एमआरआय उपयोगी पडतो. काढलेला भाग तपासणीसाठी पाठवला जाईल, हे आधीच ठरवून घ्या. आपल्याकडे दीर्घकाळ न भरणाऱ्या जखमेत क्षयरोगाचा विचार सोडून चालत नाही. काखेत किंवा जांघेतही वारंवार गळवे होत असतील, तर तो वेगळाच त्वचाविकार असू शकतो. भाऊ तंबाखू खात असेल किंवा सिगारेट ओढत असेल, तर आजच बंद करायला सांगा, कारण फ्लॅपचे कोपरे काळे पडण्यामागे धूम्रपान हे नेहमीचे कारण असते.

मृण्मयी_चिपळूण:

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले आहेच. मी रुग्णाच्या बाजूने लिहिते. हा आजार पुरुषांमध्ये अधिक असला तरी तो मुलींनाही होतो, आणि आम्ही तो अधिक काळ लपवतो. मी शिक्षिका आहे. पहिल्या शस्त्रक्रियेनंतर जखम उघडी ठेवून खालून भरू दिली होती. ती भरली, पण काही वर्षांनी पुन्हा गाठ आली आणि दुसऱ्या वेळी लिम्बर्ग फ्लॅप करण्यात आला. शस्त्रक्रियेनंतर सर्जनने मला आतून निघालेला केस दाखवला. तो इतका लांब होता की माझ्या वेणीतलाच असणार, यात कोणालाही शंका वाटली नसती.

फ्लॅपनंतरचे पहिले दिवस वेदनांपेक्षा अडचणींचे असतात. त्वचेखालून एक नळी बाहेर काढलेली असते आणि तिच्या टोकाला लहान डबी असते. तिच्यात लालसर पाणी साठते आणि रोज सकाळी ते मोजून लिहून ठेवायचे असते. ते पुरेसे कमी झाल्यावरच नळी काढतात. मला घाई होती आणि मी नळी लवकर काढण्याचा आग्रह धरला होता. डॉक्टरांनी ऐकले नाही, हे बरेच झाले. पोटावर किंवा कुशीवर झोपावे लागते. शौचाला उकिडवे बसल्यास टाक्यांवर ताण येतो, म्हणून आम्ही खुर्चीला भोक पाडून घेतलेला जुना कमोड माळ्यावरून खाली काढला. ही गोष्ट रुग्णालयातून सुट्टी देताना कोणी सांगत नाही. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल, तर आधीच सोय करून ठेवा. बद्धकोष्ठ होऊ नये म्हणून औषध मागून घ्या.

माझाही खालचा कोपरा थोडा उसवला होता. दिवसातून दोन वेळा यजमान विजेरी धरून पाहत, आणि तेथील त्वचा पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी पांढरी, सुरकुतलेली दिसे. त्यावर कोणतेही मलम न लावता केवळ कोरडेपणा राखायचा, असा सर्जनचा सल्ला होता. अंघोळीनंतर टिपून घ्यायचे, गॉजची पट्टी दुहेरी घडी करून खाचेत ठेवायची आणि ती ओली झाली की लगेच बदलायची. पट्टी ठेवण्याचा हेतू औषध लावण्याचा नसून दोन्ही बाजूंची कातडी एकमेकींना चिकटू न देण्याचा आहे, हे समजल्यावर मी ती नीट ठेवू लागले. कोपरा हळूहळू भरला.

बधिरपणा अजून आहे. एसटीच्या बाकावर बसले की एका बाजूला आपण बसलोच नाही, असे वाटते. त्याची सवय होते. व्रण वेडावाकडा आहे, आणि लग्नाच्या वयाच्या मुलामुलींना याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे, म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच व्रणाचे छायाचित्र दाखवायला सांगावे. मला स्वतःला सतत ओल्या कपड्यांपेक्षा तो व्रण पुष्कळ बरा वाटतो. अभयदादा, आणखी एक: भावाला ड्रेसिंगसाठी पुण्यात एकटे ठेवू नका. ही जखम स्वतःची स्वतःला दिसत नाही.

वैद्य_वासंती:

क्षारसूत्राचा उल्लेख झाला म्हणून लिहिते; मी आयुर्वेदातील शल्यतंत्राची (शस्त्रक्रियेच्या शाखेची) पदव्युत्तर आहे आणि हा उपचार करते. नाडीव्रणात (नलिका तयार झालेल्या जखमेत) क्षारसूत्र वापरण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे आणि पायलोनिडल सायनसवरही ते वापरले जाते. प्रचलित पद्धतीत निवडुंगाच्या वर्गातील स्नुहीचा चीक, अपामार्गाचा क्षार आणि हळद यांचे एकूण २१ लेप धाग्यावर चढवतात. तो नलिकेतून ओवून बांधतात आणि ठरावीक अंतराने बदलतात. नलिका हळूहळू कापली जाते आणि मागे भरत येते. रुग्ण दरम्यान हिंडता-फिरता राहतो, हा मोठा लाभ आहे.

मात्र भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या ज्या चाचणीचा नेहमी दाखला दिला जातो, ज्यात वर्षभरात पुनरुद्भव क्षारसूत्रानंतर ४ टक्के आणि शस्त्रक्रियेनंतर ११ टक्के आढळला, ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी भगंदराची होती. तो आकडा पायलोनिडलला लावू नये. भगंदराची नलिका गुदमार्गातून सुरू होते, तर येथे बाहेरून शिरलेले केस असतात. एक सरळ, वरवरची नलिका आणि दोन तोंडे असतील, तर मी क्षारसूत्र करते, आणि आतील केस पूर्ण काढल्याशिवाय धागा बांधत नाही. आत फांद्या फुटलेली पोकळी असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियेचा कडक व्रण असेल, तर मी रुग्णाला सर्जनकडे पाठवते. तुमच्या भावाचा प्रकार दुसऱ्या गटातला वाटतो.

कोकणकडा:

विषय थोडा बाजूचा आहे, परंतु शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वी मेडिक्लेमची पॉलिसी वाचून घ्या. अनेक पॉलिसींमध्ये पायलोनिडल सायनस हा मूळव्याध आणि भगंदर यांच्यासोबत ठरावीक प्रतीक्षाकाळाच्या यादीत असतो आणि तो बहुधा दोन वर्षांचा असतो. पहिली शस्त्रक्रिया पॉलिसी घेण्याआधीची असेल, तर ती जाहीर केली होती का, हेही पाहा. दावा तेथेच अडतो.

ऋजुता_लीड्स:

मी मूळची सांगलीची असून इंग्लंडमध्ये जखमांची देखभाल करणारी परिचारिका म्हणून काम करते. रेझरच्या प्रश्नाचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून ते आधी देते.

शस्त्रक्रियेनंतर तो भाग दाढीच्या पात्याने नियमित साफ करावा, असे पूर्वी सर्रास सांगितले जाई. जर्मनीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा दीर्घ पाठपुरावा करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र रेझर वापरणाऱ्यांमध्ये पुनरुद्भव अधिक आढळला. त्यामागचे कारण पुढे अधिक स्पष्ट झाले. सायनसच्या आत सापडणारे केस सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता त्यांतील पुष्कळसे आखूड, मूळ नसलेले आणि टोकदार कापलेले निघाले, आणि अनेक केस डोक्यावरचे होते. म्हणजे केस कापल्यावर मानेवरून पाठीवर पडणारी कापलेली टोके घरंगळत खाचेपर्यंत जातात. केस कापणाऱ्या लोकांच्या बोटांच्या बेचक्यात असाच आजार होतो, ही गोष्ट पॅटी आणि स्कार्फ या संशोधकांनी १९४८ मध्येच मांडली होती. त्यामुळे सलूनमधून आल्यावर तसेच अभ्यासाला न बसता आधी डोक्यावरून अंघोळ करणे आणि कपडे बदलणे, ही साधी सवय भावाला लावा. रेझर बंद करा. आरशात पाहून, अंदाजाने फिरवलेले पाते त्या नाजूक त्वचेला कापते, ते वेगळेच.

केस काढायचेच असतील, तर लेझरने मुळापासून कमी करणे अधिक चांगले. येथे सायनस जाळणारे लेझर आणि केस काढणारे लेझर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नये. अमेरिकेत ११ ते २१ वर्षे वयाच्या ३०२ रुग्णांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वर्षभरातील पुनरुद्भव नेहमीच्या देखभालीत ३३.६ टक्के होता, तर तिला केस काढणाऱ्या लेझरची जोड दिल्यावर तो १०.४ टक्के झाला. जखम पूर्ण भरल्यावर त्वचारोगतज्ज्ञांकडून हे करून घेता येईल, आणि त्यासाठी बरीच सत्रे लागतात, हे गृहीत धरा.

प्रामाणिकपणे याची दुसरी बाजूही सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात हा आजार इतका पसरला की त्याला जीपचा आजार म्हणू लागले, आणि सुमारे ८० हजार सैनिकांना त्यासाठी रुग्णालयात राहावे लागले. पुढे हवाईतील ट्रिपलर लष्करी रुग्णालयाने मोठ्या शस्त्रक्रिया बाजूला ठेवून दर आठवड्याला केस काढणे, स्वच्छता आणि पू झाल्यास छोटा छेद, एवढ्यावर भर दिला. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार या पद्धतीच्या १०१ रुग्णांना मिळून रुग्णालयात ८३ खाट-दिवस लागले, तर आधीच्या काळातील शस्त्रक्रियेच्या २२९ रुग्णांना ४,७६० लागले होते. तेथे तर केस वस्तऱ्याने काढत असत. मग दोन्हींचा मेळ कसा घालायचा? माझ्या मते फरक हा की तेथे प्रशिक्षित माणूस दर आठवड्याला ते काम करून सगळे सुटे केस वेचून घेत असे, आणि घरी आपल्या हाताने केलेल्या हजामतीत कापलेली टोके तेथेच राहतात. आठवड्यातून एकदा कोणीतरी ती जागा उजेडात पाहणे, हाच कदाचित त्या यशाचा मोठा भाग असेल.

आता जखमेबद्दल. पहिल्या वेळी "वरून कातडी धरली" असे तुम्ही लिहिले आहे, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटले. अशी जखम तळापासून वर भरत यायला हवी. खालच्या टोकाला दोन्ही कडा जवळ असल्यामुळे त्या आधी एकमेकींना चिकटतात, वर कातडीचा पूल तयार होतो आणि खाली पोकळी राहते. ड्रेसिंग करणाऱ्याने प्रत्येक वेळी नितंब बाजूला करून, उजेडात, अगदी टोकापर्यंत पाहिले नाही, तर हा पूल लक्षात येत नाही. पट्टी आत कोंबून भरायची नसते, सैल ठेवायची असते; घट्ट कोंबल्याने जखम भरायला जागाच उरत नाही. लालभडक, हात लागताच रक्त येणारे मांस कडांच्या वर वाढलेले दिसले, तर ते चांगले लक्षण समजू नका. त्यावरून कातडी येत नाही, आणि ते सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीने बसवावे लागते. दर आठवड्याला त्याच अंतरावरून, शेजारी मोजपट्टी धरून छायाचित्र घ्या. दोन-तीन आठवड्यांत आकार अजिबात कमी झालेला दिसला नाही, तर पुढील ठरलेल्या तारखेची वाट न पाहता सर्जनकडे जा.

अभय_लातूर:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भावाला हा संपूर्ण धागा वाचायला दिला आहे; रेझर त्याने टाकून दिला. दोन शंका उरल्या आहेत. एक, आईला भीती वाटते की जखम इतके दिवस वाहते आहे, तर हा कर्करोग तर नसेल ना. दुसरी, त्याची मुख्य परीक्षा जवळ आली आहे आणि उत्तीर्ण झाल्यास पुढे शारीरिक चाचणीही आहे. शस्त्रक्रिया परीक्षेनंतर केली तर चालेल का, की लांबवल्याने नुकसान होईल? आणि फ्लॅपनंतर धावण्याचा सराव कधी सुरू करता येतो?

शल्यचिकित्सक_सातारा:

आईंना सांगा की या आजारात कर्करोग अत्यंत दुर्मिळ आहे आणि तो सहसा दशकानुदशके वाहत राहिलेल्या, उपचार न झालेल्या सायनसमध्ये आढळतो. तेविसाव्या वर्षी, वर्षभराच्या जखमेत ती शंका मनात घेण्याचे कारण नाही. काढलेला भाग तपासणीला जाणारच आहे, त्यातून त्यांचेही समाधान होईल.

परीक्षेनंतर शस्त्रक्रिया करायला माझी हरकत नाही. पू साठून ठणका, सूज किंवा ताप आला, तर मात्र थांबू नये; त्या वेळी बाजूला लहान छेद देऊन पू काढला की परीक्षेपुरता मार्ग निघतो. पू भरलेला असताना फ्लॅप करण्याची घाई कोणी करत असेल तर नकार द्या, कारण संसर्ग झालेल्या जागी बसवलेला फ्लॅप उसवण्याची शक्यता वाढते. तोपर्यंत ती जागा कोरडी ठेवावी, बाहेर दिसणारे केस चिमट्याने काढून घ्यावेत, आणि अभ्यासिकेत तासाभराने उठून दोन फेऱ्या माराव्यात. ओल्या जागेसाठी महिनोन् महिने प्रतिजैविके घेऊ नयेत. आत केस असेपर्यंत त्यांचा उपयोग होत नाही.

फ्लॅपनंतर टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी काढतात आणि तेवढा काळ थेट बसणे टाळायला सांगतात. धावणे, लांब उडी आणि उठाबशा यांसाठी मी जखम पूर्ण कोरडी आणि व्रण पक्का होईपर्यंत थांबवतो. त्याला सहसा दीड ते दोन महिने लागतात, आणि कोपरा उसवला तर त्याहून अधिक. शारीरिक चाचणीची तारीख त्याआधी येण्याची शक्यता असेल, तर ही गोष्ट सर्जनला पहिल्या भेटीतच सांगा. अशा वेळी आधी छिद्रे काढून पोकळी साफ करण्याची छोटी शस्त्रक्रिया करून चाचणी पार पाडायची आणि मोठी शस्त्रक्रिया निवड झाल्यावर, प्रशिक्षण सुरू होण्याआधी करायची, असा टप्प्याटप्प्याचा मार्गही काढता येतो. एमआरआय केलात तर अहवालासोबत त्याच्या फिल्म आणि पहिल्या शस्त्रक्रियेची नोंद असलेला सुट्टीचा कागद घेऊन जा. मध्यभागी नेमके किती कापले होते, हे त्यावरूनच समजते.